खानझोडे सरांचा डच शब्द

खानझोडे सरांना डच भाषेतला एकच शब्द येत होता, आणि तेवढ्या एका शब्दावर त्यांनी भिलाईच्या सेक्टर दहामध्ये उभं आयुष्य मिरवून काढलं. तो शब्द म्हणजे 'सुक्कल'. अर्थ ते असा सांगत : "हरलेला माणूस. म्हणजे एखाद्या वेळी हरलेला नव्हे. हरायलाच जन्माला आलेला."

स्टील प्लांटमध्ये ते मोठे अधिकारी होते. तरुणपणी त्यांना तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी हॉलंडला पाठवलं होतं, समुद्रकाठच्या एका पोलाद कारखान्यात. भिलाईत परदेशी जाऊन आलेल्यांची कमी नव्हती, पण प्लांट रशियाच्या मदतीने उभा राहिलेला, म्हणून ते सगळे रशियाला गेलेले. त्यांच्या शोकेसमध्ये एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या असत, आणि म्हातारपणीही ते बाजारात भेटले की दोन-चार रशियन शब्द बोलून हसत. खानझोडे सरांच्या शोकेसमध्ये निळ्या चिनीमातीची पवनचक्की होती. रशियावाल्यांबद्दल ते म्हणत, "त्यांना सरकारने ढकललं म्हणून ते गेले. मला निवडलं होतं." कोणाकोणातून निवडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

हॉलंडच्या कारखान्यातला फोरमन दिवसभर हा शब्द वापरायचा, असं ते सांगत. कोणाला उद्देशून, ते सांगत नसत. मला पुढे पुष्कळदा वाटलं, की परक्या भाषेत तीन महिने राहून माणूस एकच शब्द शिकून येतो, तेव्हा तो शब्द त्याच्या कानावर फार वेळा आणि फार जवळून पडलेला असणार. पण हे मी त्यांच्यासमोर म्हणाले नाही. त्यांच्यासमोर मी फारसं काहीच म्हणाले नाही. मला न बोलणं जमतं.

कॉलनीने तो शब्द उचलला. मैदानात क्रिकेट खेळणारी हिंदी मुलंही ओरडायची, "क्या सुक्कल बॅटिंग है बे!" आमच्या रांगेतल्या शुक्लाजींना बरीच वर्षं वाटत होतं, की मराठी लोक आपल्यावरच काहीतरी बोलतात. पण मुलांच्या तोंडी तो खेळातला शब्द होता. सरांच्या तोंडी तो शिक्का होता. ते तो हळू, जवळजवळ मायेने उच्चारत. चष्मा काढून, काचा पुसत, समोरच्याकडे न बघता. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढेपर्यंत त्या माणसाचा निकाल लागलेला असे.

सुक्कल कोण नव्हतं? प्रमोशनची परीक्षा न दिलेले सुक्कल. रिटायर होऊन बोरसीला घर बांधून तिथे भाजीपाला लावणारे सुक्कल. मुलांना रायपूरच्या पुढे न पाठवणारे सुक्कल. 'मले', 'तुले' बोलणारे तर जन्मजात. माझे बाबा कोक ओव्हनमध्ये ऑपरेटर होते आणि प्रमोशनच्या परीक्षेला कधी बसले नव्हते, म्हणजे आमच्या घरावर दोन-तीन बाजूंनी शिक्का होता.

तरी आईने मला दर रविवारी त्यांच्या क्वार्टरवर पाठवलंच. रिटायर झाल्यावर सर मराठी मुलांना फिजिक्स आणि गणित शिकवत. फी घेत नसत. अपमानही फुकट मिळे. आई म्हणायची, "बोलले तं बोलले. त्याचं काय अंगाले लागते? शिकवून तं राहिले न." शिकवत चांगले, हे मी मान्य करते. फळ्यावर त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं.

पण वर्गाची बैठक त्यांनी स्वतः बसवली होती. आदल्या रविवारच्या टेस्टमधले पहिले पाच खुर्चीवर. मधले सतरंजीवर. उरलेले बाहेर व्हरांड्यात, सायकलींच्या मध्ये, जिथून फळा अर्धाच दिसे. व्हरांड्याला सर 'सुक्कल गॅलरी' म्हणत. दर रविवारी टेस्टचे मार्क वाचत आणि मुलं मुकाट्याने आपापली वही उचलून आत-बाहेर होत. मी बहुतेक सतरंजीवर असायची. एकदाच खुर्चीवर बसले, तर सर म्हणाले, "बोरकुटे, इंग्लिश मीडियमची ना तू? मग तोंड कुठे ठेवून येतेस? प्रश्न विचारायला येत नसेल तर खुर्ची कशाला?" पुढच्या रविवारी मी दोन गणितं येत असून सोडून दिली आणि सतरंजीवर परतले. तिथे बरं होतं.

व्हरांड्यात कायम बसणारा एकच मुलगा होता. तो त्यांचाच मुलगा, मंदार.

मंदारदादा आमच्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठा. मोठ्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाल्यामुळे सरांनी त्याला पुन्हा लहान मुलांच्या वर्गात बसवलं होतं. त्याची आई तो शाळेत असतानाच वारलेली. घरात हे दोघंच. तो भिंतीला टेकून, पाय पसरून बसायचा आणि आत सर त्याच्याबद्दल काही बोलले, की सायकलची घंटी एकदाच, अगदी हळू वाजवायचा. आम्ही खाली मान घालून हसायचो. सर विचारत, "कोण ते?" तो बाहेरून म्हणे, "सुक्कल, बाबा." त्याला ते लागत नव्हतं असं मला तेव्हा वाटे. लागत नसतं तर तो इतक्या नेमक्या जागी घंटी वाजवू शकला नसता, हे नंतर कळलं.

मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी गुणवंत मुलांचा सत्कार होई. नारळ, शाल आणि एक पेन. एका वर्षी मंडळाचे सेक्रेटरी देशकर काका म्हणाले, "सर, यंदा पास झालेल्या सगळ्याच पोरांना पेन देऊ. लहान आहेत, खूश होतील." सरांनी चष्मा काढला. "देशकर, सुक्कलाच्या हातात पेन दिलं की ते पेनही सुक्कल होतं." हॉलमध्ये हशा झाला. ज्यांची मुलं त्यात येत होती, तेही हसले. त्यांना वाटलं असेल, आपण हसलो म्हणजे आपण त्यात नाही. त्या वर्षी नव्वद टक्क्यांच्या खालच्या एकाही मुलाला पेन मिळालं नाही. सर स्टेजवरून नावं वाचत होते आणि माइक मधूनच खरखरत होता. मंदारदादा उकिडवा बसून त्यांच्या पायाशी वायर धरून होता. तो वायर धरे तोवर सरांचा आवाज सगळ्यांना ऐकू जाई. सरांनी त्या संध्याकाळी एकदाही खाली बघितलं नाही.

त्यानंतर मंदारदादा दिसेनासा झाला. कोणी विचारलं की सर म्हणत, "पुण्याला आहे." पुढच्या वर्षी, "बाहेर आहे." आमच्या भिलाईत 'बाहेर' या शब्दाला फार वजन आहे. इथल्या प्रत्येक क्वार्टरमधून मूल बाहेर जावं लागतं. पुणे, बंगलोर, शक्य तर अमेरिका. जे मूल राहिलं, त्याच्या आईबापांना कोणी काही विचारत नाही, आणि न विचारणं हीच शिक्षा असते. तर एका गणपतीत जोशी काकूंनी कौतुकाने विचारलं, "बाहेर म्हणजे? तुमच्या हॉलंडलाच की काय?" सर एक क्षण थांबले. मी बाजूलाच प्रसादाची ताटली धरून उभी होते, म्हणून तो क्षण मला दिसला. 'नाही' म्हणायला तेवढा क्षण पुरेसा होता. सर म्हणाले, "आता काय, मुलं बापाच्याच वाटेने जातात."

झालं. मंदार हॉलंडला गेला. सरांनी बाहेरच्या खोलीत दुसरं घड्याळ लावलं, हॉलंडच्या वेळेचं. पाहुणे बसले की त्याकडे बघून म्हणत, "आता निघाला असेल ऑफिसला." उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, हे त्यांना आठवत नसावं. त्यांचं घड्याळ बारा महिने हिवाळ्यातच चाले.

मंदारदादा मला भेटला तो भिलाईला लागूनच असलेल्या जामुलच्या बसमध्ये. मी तेव्हा इथल्याच इंजिनीअरिंग कॉलेजात होते (इथलंच कॉलेज म्हणजे अर्थात सुक्कल) आणि जामुलला आत्याकडे चालले होते. पॉवर हाउस चौकात बसमध्ये चढले, तर शेजारच्या सीटवर एक माणूस डोकं मागे टाकून झोपलेला. भुवयांवर, पापण्यांवर करडी धूळ. त्याने डोळे उघडले.

"अरे, स्वप्ना! सरक तिकडं, तुझा ड्रेस खराब होईन."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तोच हसला. "अशी काय पाहून राहिली? भूत नाही. बाबा तं म्हणतात मी हॉलंडले राहून राहिलो, न?"

तो सिमेंटच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. पोती भरून ट्रकवर चढतात, तिथे. जामुललाच एका खोलीत भाड्याने राहत होता. पहिल्या महिन्यात तो ठेकेदाराच्या मजुराचा गेटपास गळ्यात घालून घरी गेला, तेव्हा सर म्हणाले होते, "हे घालून या दारात येऊ नको." तो पास काढून ठेवू शकला असता. त्याने त्यापेक्षा दार सोडलं.

"फोन करतात का?" मी विचारलं.

"करतात न. घरी कोणी बसलं असलं की करतात." तो खोकला. बराच वेळ खोकत राहिला, मग खिडकीतून बाहेर थुंकून परत वळला. "मोठ्यानं विचारतात, 'काय रे, बर्फ पडला का तिकडं?' मे महिना, मी पत्र्याखाली उभा. मी म्हणतो, 'हो बाबा, पडला. दोन स्वेटर घालून राहिलो.' बाजूचे ट्रकवाले म्हणतात, क्या भाई, पगला गया क्या?"

मला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. मी विचारलं, "मग तू हो का म्हणतोस?"

"माणूस म्हातारा झाला. त्याच्याजवळ दुसरं काय हाये? एक पवनचक्की."

मी हे कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. पण रविवारी खानझोडे सर फाटकाशी दिसले की मी रस्ता बदलू लागले. त्यांना वाटलं असेल, बोरकुटेची पोरगी अजून लाजते.

नोकरी लागली, पुण्याला गेले, आणि दोन वर्षांनी कंपनीने मला वर्षभरासाठी कामाला पाठवलं. हॉलंडलाच. योगायोग माझा नव्हता, कंपनीचा होता. निरोप घ्यायला घरी आले, तेव्हा कॉलनीभर बातमी पसरलेली. आणि आमच्याकडे एक रीत आहे : कोणी बाहेर निघालं, की त्या गावात, त्या देशात, जवळपास कुठेही ज्यांचं मूल आहे, ते सगळे त्याच्याबरोबर डबा पाठवतात. विमानाच्या वजनाचा हिशेब कोणी करत नाही. डबा न पाठवणारे आईबाप असू शकत नाहीत. देशकर काकांनी मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, बरं झालं की! आपली बोरकुटेची पोरगी निघाली हॉलंडला. मंदारसाठी चिवडा-लाडू पाठवा."

म्हणून खानझोडे सर आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरी आले. बाबा बनियनवर होते, ते आत पळाले. आई ओट्याशी कुजबुजली, "बापा! साहेब कावून आले असतील जी आपल्या घरी?" सर खुर्चीच्या कडेवर बसले. जणू पूर्ण बसले तर काहीतरी चिकटेल. मांडीवर स्टीलचा डबा. झाकणावर नाव कोरलेलं होतं : सौ. सुमन खानझोडे. काकूंचा डबा.

"थोडा चिवडा आहे," ते म्हणाले. दुकानातला होता. रिकामं पाकीट मी त्यांच्या पिशवीत बघितलं.

आई म्हणाली, "पत्ता द्या न साहेब, पोरीले. परक्या मुलखात कुठं शोधन ते?"

"फोनवर कळवतो तो."

चहा अर्धा ठेवून उठले. मी फाटकापर्यंत गेले. तिथे त्यांनी मागे वळून आमच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ बोरकुटे, तिकडे अंतरं फार असतात. जमलं नाही तर नको जाऊस. तूच खा. पण डबा परत आण. घरचा आहे."

"पोचवते, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. पण माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, ही माझी जुनी सोय आहे.

दुसऱ्या दिवशी मी पॉवर हाउसहून बस पकडली आणि डबा हॉलंडला पोचवला. मंदारदादा खोलीबाहेर बादलीत शर्ट धूत होता. झाकणावरचं नाव त्याने ओल्या अंगठ्याने पुसलं, मग वाचलं. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

"हा डबा तं ते कोणाले हातही लावू देत नव्हते." त्याने झाकण उघडलं, एक बकाणा भरला. "दुकानातला हाये." आणि तरी खात राहिला, खोकला येईपर्यंत. मग म्हणाला, "सांग बाबाले. पोचला म्हणा. हॉलंडले चिवडा मिळत नाही, खूप आठवण येत होती म्हणा." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मला तो असायला हवा होता.

"डबा परत मागितलाय," मी म्हणाले.

"तं मग आत्ता नाही देत. रिकामा डबा परत करू नये, आई म्हणायची. तू आली की घेऊन जा. तोवर काहीतरी घालीन त्यात."

हॉलंडमध्ये मी तो शब्द प्रत्यक्ष ऐकला, तो ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर. माझ्या टीममधली मार्ग्रीट नावाची पन्नाशीची बाई किल्ल्या घरी विसरून आली होती आणि कपाळावर हात मारून स्वतःलाच म्हणाली, सुक्कल. मी दचकले. इतक्या वर्षांत तो शब्द कोणी स्वतःबद्दल वापरल्याचं मी एकाच्याच तोंडून, व्हरांड्यातून ऐकलं होतं. मी तिला अर्थ विचारला. ती म्हणाली, अर्थ सोपा आहे, हरलेला, धड काही न जमणारा माणूस. पण तो कसा म्हणतेस त्यावर आहे. शिवी म्हणून म्हणता येतो. आणि सायकलवरून पडलेल्या म्हाताऱ्याला उचलताना, बिचारा या अर्थानेही म्हणता येतो. माझी आजी तर बहुतेक वेळा दयेनेच म्हणायची, ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुला हा शब्द कुठून माहीत? इथे येणारे लोक आधी 'धन्यवाद' शिकतात."

मी म्हणाले, आमच्या गावात एक गृहस्थ इथून फक्त हाच घेऊन आले. ती हसली आणि मग एकदम थांबली. "बिचारा," ती म्हणाली. मला तसं काही वाटलं नाही.

वर्ष संपलं आणि मी गणपतीला घरी आले. पोळा आणि तीजा, म्हणजे इथली हरतालिका, नुकतेच होऊन गेले होते. त्या दिवसांत छत्तीसगडी घरांमधून ठेठरी आणि खुरमी करतात; ठेठरी बेसनाची, वळ्यावळ्यांची, खुरमी गुळाची, गोड आणि कडक. इथल्या प्रत्येक मराठी घरातही शेजारून त्याची ताटली येतेच. मी जामुलला गेले. मंदारदादा वाळला होता. वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेत होता. घरमालकीणबाई दारातून म्हणाल्या, "एला समझा बेटी, डाक्टर करा नइ जाय." म्हणजे समजाव याला, डॉक्टरकडे जात नाही. त्याने डबा आणून दिला. जड होता.

"काय घातलंस?"

"हॉलंडची मिठाई," तो म्हणाला आणि घरमालकीणबाईंकडे बघून डोळा मारला. मग खरं तेवढंच म्हणाला : "उघडतील तं ओळखतील न. बस."

त्याला एवढंच हवं होतं, हे मला बसमध्ये कळलं. झाकण उघडावं, आत जामुल दिसावं, आणि बापाने एकदा, कोणासमोर तरी, म्हणावं : हो, माझा मुलगा तिथे आहे.

आरतीनंतर हॉल भरलेला होता. खानझोडे सर पुढच्या खुर्चीवर. मी डबा पिशवीतच ठेवून मागे उभी होते, घरी नेऊन देणार होते. पण देशकर काकांनी मला बघितलं. "अरे, ही बघा हॉलंडवाली! काय ग, भेटला का आमचा मंदार?"

सगळ्या माना वळल्या. सरांनी चष्मा काढला आणि काचा पुसू लागले.

"भेटला," मी म्हणाले. "चिवडा आवडला. डबा दिलाय परत."

"रिकामा?" जोशी काकूंनी विचारलं.

"नाही. भरून."

"बघू, बघू! हॉलंडचं काय असतं ते!" जोशी काकूंनी डबा हातातून घेतला. सर म्हणाले, "घरी उघडू, वहिनी," पण काकूंचं झाकण उघडून झालं होतं.

गुळाचा वास आला. आत खुरमी होती आणि वर ठेठरी. हॉलमधल्या निम्म्या घरांत त्या क्षणी तेच डब्यात पडलेलं होतं. देशकर काका डब्याकडे बघत होते, मग सरांकडे. कोणी चिडवलं नाही, कोणी हसलं नाही. त्या बिनपेनवाल्या मुलांचे आईबापसुद्धा. मी इतके दिवस त्या माणसाला तुच्छ मानत होते, आणि तरी त्या क्षणी मला वाटलं, आता म्हणा. ही माणसं ऐकून घेतील. इतकं सोपं पुन्हा होणार नाही.

सरांनी चष्मा चढवला. एक खुरमी उचलली, तोडली, खाल्ली.

"तिकडे छत्तीसगडी लोक बरेच आहेत," ते म्हणाले. "त्यांचं मंडळ आहे."

"हो का!" कोणीतरी म्हणालं.

"मोठं मंडळ आहे. पोळा करतात ते." आणि ते डबा पुढे करून वाटू लागले. लोकांनी एकेक तुकडा घेतला, चावला, आणि हॉलंडच्या खुरमीची चव अगदी आपल्यासारखीच आहे, असं मान्य केलं. मला त्या सगळ्यांचीच किळस आली. सरांनी थोडं तळाशी राखून झाकण घट्ट लावलं, हेही मी बघितलं.

चपला घालताना ते माझ्यामागे आले.

"तू तिथे गेली होतीस."

"हो, सर."

"कसा आहे?"

"खोकतो. पोती भरतात तिथे धूळ असते. डॉक्टरकडे जात नाही. मध्ये थांबून श्वास घेतो."

त्यांचा हात भिंतीवर गेला. "मले सांग," ते म्हणाले, "लय खोकते का?" त्यांच्या तोंडून 'मले' मी पहिल्यांदा ऐकलं. ज्या शब्दावरून त्यांनी किती मुलांना व्हरांड्यात पाठवलं होतं, तो त्यांच्या घशात इतकी वर्षं तसाच पडून होता.

"स्वतः जाऊन बघा ना," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "पॉवर हाउसहून बस मिळते जामुलची. अर्धा तास लागतो."

त्यांनी झटकन हॉलच्या दाराकडे बघितलं.

"हळू बोल," ते म्हणाले.

त्यांना शेवटचं बघितलं ते त्यानंतर चार दिवसांनी. मी रिक्षाने स्टेशनला निघाले होते. पॉवर हाउसच्या चौकात गर्दीमुळे रिक्षा अडकली, आणि समोर, जामुलच्या बसपाशी, खानझोडे सर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात कापडी पिशवी. पिशवीतून डब्याचा गोल आकार दिसत होता. शेजारी औषधांच्या दुकानाची कागदी पुडी. म्हणजे ते निघाले होते. मी रिक्षात सरसावून बसले. खरं सांगायचं तर मी मनात त्यांना ढकलत होते.

कंडक्टर दारात लोंबकळत, जागा आहे, चढा म्हणून ओरडत होता, "जामुल, जामुल! आ कका, चघ, जगा हे." सरांनी दांडी धरली. एक पाय पायरीवर ठेवला.

मागून स्कूटरचा हॉर्न वाजला. देशकर काका होते, भाजीची पिशवी लावलेली. "अरे सर! इकडे कुठे?"

सरांनी पाय खाली घेतला. वाकून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

"काही नाही," ते म्हणाले. "जरा फिरायला आलो होतो."

"चघव ना कका!" कंडक्टर ओरडला. सरांनी तो आपल्याशी बोलतच नाही, अशी मान फिरवली. कंडक्टरने दार आपटलं, बस निघाली. देशकर काकांनी एकदा बसवरच्या पाटीकडे बघितलं, एकदा पिशवीकडे. त्यांना सगळं कळलेलं होतं. मला वाटतं, हॉलमध्ये सगळ्यांनाच कळलं होतं. ते फक्त म्हणाले, "बसा, सोडतो घरी." आणि सर बसले. डबा आणि औषधाची पुडी मांडीवर घट्ट धरून, पाठ ताठ ठेवून, सेक्टर दहाच्या दिशेने निघून गेले.

माझी रिक्षा सुटली. तो शब्द माझ्या तोंडून मोठ्याने निघाला, रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. मार्ग्रीटची आजी तो दयेने म्हणायची. मी तसा म्हणाले नाही.